अधिकारी खोलीबाहेर, घरची माणसं आत: न्यूझीलंडची ‘कुटुंब बैठक’ चालते तरी कशी?

परदेशात राहणाऱ्या भारतीय जोडप्याचं मूल तिथल्या बालसंरक्षण खात्याने ताब्यात घेतलं, अशी बातमी अधूनमधून येते. कधी नॉर्वेतून, कधी जर्मनीतून. इकडे आजी-आजोबा टीव्हीवर हात जोडताना दिसतात आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो: आईबापाचं चुकलं असेल, धरून चाला, पण आजी आहे, मामा आहे, काका-काकू आहेत, त्यांना कुणी विचारलं का?

न्यूझीलंडने हा प्रश्न १९८९ सालीच कायद्यात घालून ठेवला. मूल धोक्यात आहे असं खात्याला वाटलं, तर त्याचं पुढे काय करायचं हे ठरवायला आधी त्याच्या सगळ्या गोतावळ्याला एकत्र बसवावं लागतं. या बैठकीला तिथे ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ म्हणतात. आपण या लेखात तिला कुटुंब बैठक म्हणू.

आधी एक ओळखीचं चित्र

लग्नाची बैठक बहुतेकांनी पाहिलेली असते. दोन्हीकडची जाणती माणसं सतरंजीवर बसतात, बोलणं होतं, थोडी ताणाताणी होते आणि शेवटी याद्या होतात. कुणी काय करायचं ते कागदावर उतरतं आणि खाली सह्या होतात. तोंडी कबूल केलेलं विसरता येतं, यादीत लिहिलेलं विसरता येत नाही.

कुटुंब बैठकीचा सांगाडा असाच आहे. आईकडची आणि वडिलांकडची माणसं, बोलणं, आणि शेवटी कागद. फरक दोन. इथे मध्यभागी लग्न नसून एक मूल असतं, आणि ठरलेलं पार पाडायला सरकार कायद्याने बांधलेलं असतं.

ही कल्पना आली कुठून?

न्यूझीलंडमध्ये आधी १९७४ चा कायदा होता. त्यात मुलाबद्दलचे निर्णय खात्याचे समाजसेवक (सोशल वर्कर), तज्ज्ञ आणि न्यायालय घेत. त्याची सर्वाधिक झळ तिथल्या मूळ रहिवाशांना, माओरी समाजाला लागली. माओरी मुलं मोठ्या संख्येने सरकारी संस्थांत किंवा परक्या घरी जात होती आणि आपली भाषा, आपलं गाव, आपले नातलग गमावत होती.

माओरींच्या लेखी मूल एकट्या आईबापाचं नसतं. ते ‘फानाऊ’चं, म्हणजे विस्तारित कुटुंबाचं असतं. आजी-आजोबांनी किंवा मावशीने मूल वाढवण्याची ‘फांगाई’ नावाची रीत त्यांच्यात पूर्वापार आहे. आपल्याकडे पोर आजोळी वाढतं, मामाकडे राहून शाळा शिकतं, तसंच काहीसं. १९८० च्या दशकात जॉन रांगिहाऊ या माओरी नेत्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ‘पुआओ-ते-आता-तू’ हा अहवाल दिला. नावाचा अर्थ पहाट. समाजकल्याण खात्याचा कारभार माओरींवर अन्याय करणारा आहे, असं त्यात स्पष्ट बजावलेलं होतं. पुढे १ नोव्हेंबर १९८९ पासून नवा कायदा लागू झाला आणि कुटुंब बैठक त्याचा कणा झाली. आज तो ‘ओरांगा तामारिकी कायदा’ म्हणून ओळखला जातो आणि तो सर्व समाजांच्या मुलांना लागू आहे.

कायद्यातला दात असा: तातडीच्या धोक्यात मूल लगेच हलवता येतं, पण त्याला संरक्षणाची गरज असल्याचा न्यायालयाचा निर्णय साधारणपणे बैठक झाल्याशिवाय होऊ शकत नाही. म्हणजे खात्याला वाटलं तर बोलावू, नाहीतर नाही, अशी सवलत नाही.

(चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाने गुन्हा केला तरीही अशीच बैठक होते. तिथे ज्याचं नुकसान झालं त्यालाही येऊन बोलायचा हक्क असतो. तो स्वतंत्र विषय आहे. इथे फक्त मुलांच्या सुरक्षिततेच्या बैठकीबद्दल बोलू.)

खरं काम बैठकीच्या आधी

बैठक बोलावण्याची जबाबदारी समन्वयकाची. तपास करणारा समाजसेवक वेगळा आणि समन्वयक वेगळा, हे लक्षात घ्या. ज्याने आरोप मांडायचे, त्यानेच पंच म्हणून बसायचं नाही.

समन्वयकाचं पहिलं काम माणसं शोधणं. आई सांगते, ‘माझं कुणी नाही.’ वडील सांगतात, ‘माझ्या घरच्यांना यात ओढू नका.’ अशा वेळी चिकाटी लागते. आजीला फोन, आजीकडून चुलत मावशीचा पत्ता, मावशीकडून दुसऱ्या शहरातल्या काकाचा नंबर. मुलाला विचारलं तर ते कधीकधी असं नाव सांगतं जे कुणाच्याच यादीत नसतं: शाळेतून येताना रोज दार उघडून खाऊ देणारी शेजारीण. कुटुंबाची इच्छा असेल तर तीही बैठकीला येऊ शकते.

बैठकी फसतात त्या बहुतेक इथेच. फक्त आईकडची माणसं बोलावली जातात, कारण मूल आईकडे होतं आणि वडिलांचा पत्ता शोधायला कुणाला सवड नव्हती. बैठकीत चार माणसं असली की आराखड्याचा भार दोघांवर येतो आणि तीन महिन्यांत ते दोघंही थकतात.

दुसरं काम तारीख, वेळ आणि जागा ठरवणं, तेही कुटुंबाला विचारून. मंगळवारी सकाळी अकराला सरकारी कार्यालयात बैठक ठेवली की रोजंदारीवर जाणारा मामा येणार नाही. शनिवारी, आजीच्या घरी, समाजमंदिरात, माओरी कुटुंब असेल तर त्यांच्या ‘माराए’वर म्हणजे सामूहिक सभास्थानी ठेवली, की तीच बैठक वेगळी होते. जेवणाची सोय हवी, कारण काम तीन-चार तास चालतं आणि उपाशी माणसं लवकर भांडतात. लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी हवं. भाषा वेगळी असेल तर दुभाषी हवा, आणि तो नात्यातला नको.

तिसरं काम प्रत्येकाशी आधी स्वतंत्र बोलणं. आपण कशासाठी जमतोय, खात्याची काळजी नेमकी काय आहे, तुम्हाला कुणाची भीती वाटते का. जे येऊ शकणार नाहीत त्यांचं म्हणणं घेऊन बैठकीत मांडणं हीही समन्वयकाचीच जबाबदारी आहे. एखाद्याच्या येण्याने मुलाला धोका असेल, तर त्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार समन्वयकाला असतो.

बैठकीच्या दिवशी: तीन टप्पे

सुरुवात कुटुंबाच्या रीतीने. माओरी कुटुंबात ‘काराकिया’ म्हणजे प्रार्थना आणि एकमेकांची ओळख. कुणाकडे दोन मिनिटं शांतता.

पहिला टप्पा माहितीचा. समाजसेवक, डॉक्टर, शिक्षक आपल्याला काय दिसलं ते सांगतात. इथे भाषेवर सगळं अवलंबून असतं. ‘मुलांची हेळसांड होते’ हे वाक्य कुटुंबाला चिडवतं आणि माहिती काहीच देत नाही. ‘गेल्या सत्रात मोठी मुलगी बावीस दिवस शाळेत आली नाही, आणि दोनदा रात्री आठनंतर दोघी घरात एकट्या सापडल्या’ हे ऐकल्यावर आजी मान खाली घालते आणि म्हणते, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तज्ज्ञांनी इथे फक्त धोका सांगायचा. उपाय सुचवायचा नाही. उपाय सुचवला की कुटुंब त्याच्यावर हो किंवा नाही म्हणत बसतं, स्वतः विचार करत नाही.

दुसरा टप्पा म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा जीव. समन्वयक, समाजसेवक, वकील उठतात आणि खोलीबाहेर जातात. कुटुंबाने स्वतःहून थांबायला सांगितलं नाही, तर त्यांना आत बसण्याचा हक्क नाही. दार लावलं जातं. आता आत फक्त घरची माणसं.

हे इतकं महत्त्वाचं का? परक्या अधिकाऱ्यासमोर घर आपली लाज झाकतं. काका गप्प बसतो, आत्या ‘सगळं ठीक होईल’ म्हणते. दार बंद झालं की तीच आत्या भावाला म्हणते, ‘तू पितोस हे आम्हाला पाच वर्षांपासून माहीत आहे, आता पोरी माझ्याकडे येतील.’ हे वाक्य कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. आणि हे वाक्य बोलणारी माणसं पुढची तीस वर्षं त्या मुलींच्या आयुष्यात असणार आहेत. समाजसेवकाची दीड वर्षात बदली होईल.

या टप्प्याला घड्याळ लावणं ही घोडचूक. पहिला तास रडणं, ओरडणं आणि जुने हिशेब यांतच जातो. वीस मिनिटांनी दार वाजवून ‘झालं का?’ विचारणाऱ्याला हाती येतो तो घाईत खरडलेला कागद.

तिसऱ्या टप्प्यात सगळे परत आत येतात. कुटुंब आपला आराखडा वाचून दाखवतं, प्रश्न विचारले जातात, पैसे आणि सेवा कुठून येतील ते ठरतं. समाजसेवकाने किंवा ज्याने प्रकरण आणलं त्याने मान्य केलं की तो आराखडा पक्का. तो अगदीच अशक्य किंवा कायद्याच्या तत्त्वांना धरून नसेल तरच खातं नाकारू शकतं. एकमत झालं नाही तर प्रकरण न्यायालयाकडे जाऊ शकतं.

बैठकीत कुणी काय कबूल केलं ते न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि ते छापायलाही बंदी आहे. ही हमी नसती तर कुणी तोंड उघडलं नसतं.

आराखडा चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?

समजा, सात आणि चार वर्षांच्या दोन बहिणी. आई व्यसनात अडकलेली, वडील दुसऱ्या गावी. वाईट आराखडा असा असतो:

‘आईने व्यसनमुक्तीसाठी प्रयत्न करावा. कुटुंबाने मदत करावी. मुलींची नीट काळजी घ्यावी.’

वाचायला छान, पण मंगळवारी तीन वाजता शाळेच्या फाटकाशी कोण उभं असेल, याचं उत्तर त्यात नाही. आता हाच आराखडा नीट लिहिला तर:

‘पुढचे सहा महिने दोघी आत्याकडे राहतील. सोमवार ते बुधवार शाळेतून आत्या आणेल, गुरुवार-शुक्रवार मामा. आई शनिवारी दहा ते चार आजीच्या घरी मुलींना भेटेल. आजी पूर्ण वेळ घरात असेल. आई प्यायलेली आली तर आजी त्या दिवशी भेट होऊ देणार नाही आणि त्याच संध्याकाळी समाजसेवकाला फोन करेल. दुसऱ्या पलंगाचा आणि गाद्यांचा खर्च खातं या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत देईल. आत्या आजारी पडली तर मुली मामाकडे जातील. आढावा तीन महिन्यांनी, दुसऱ्या शनिवारी, इथेच.’

कोण, काय, कधी, कुणाच्या पैशाने, आणि बिनसलं तर काय. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. आई पुन्हा पिणार नाही असं धरून लिहिलेला आराखडा पहिल्याच शनिवारी कोलमडतो. ती पिऊ शकते असं धरून लिहिलेला टिकतो.

पैशाचा मुद्दा दाबून चालत नाही. परक्या पालक-कुटुंबाकडे मूल ठेवलं की सरकार भत्ता देतं, आणि आजीकडे ठेवलं की ‘आजीच तर आहे’ म्हणून हात झटकतं, ही प्रवृत्ती जगभर आढळते. न्यूझीलंडच्या कायद्यात आराखडा पार पाडायला आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. शिवाय आईबाप सांभाळू शकत नसलेल्या मुलाला वाढवणाऱ्या नातेवाइकासाठी ‘अनसपोर्टेड चाइल्ड्स बेनिफिट’ हा साप्ताहिक भत्ता आहे. बैठकीतच त्याची माहिती आणि अर्ज हातात पडला पाहिजे. मागून सांगू म्हटलं की आत्या स्वतःच्या बचतीतून खर्च करत राहते.

‘ज्या घरात हाल झाले, त्याच घराच्या हाती मूल?’

ही शंका रास्त आहे, आणि न्यूझीलंडनेही तिची किंमत मोजून उत्तर शोधलं. मूळ कायद्यात कुटुंबाला इतकं वजन दिलेलं होतं की मुलाचं हित मागे पडेल अशी भीती होती. १९९२ साली न्यायाधीश केन मेसन यांच्या समितीने आढावा घेतला आणि १९९४ च्या दुरुस्तीने मुलाचं हित सर्वोच्च असल्याचं कायद्यात लिहिलं गेलं. कुटुंब ठरवतं, पण मुलाला धोक्यात ठेवणारा निर्णय चालत नाही.

शिवाय, हाल करणारा आणि गोतावळा एकच नसतात. वीस माणसांच्या कुटुंबात एक-दोन हात उगारणारे असतील. बाकीच्यांना बहुधा कुणी कधी विचारलेलंच नसतं. मात्र घरात मारहाण होत असेल तर सावधपणा दुप्पट हवा. मारणारा समोर बसलेला असताना बायको खरं बोलेल ही अपेक्षा चूक आहे. त्याचं म्हणणं लेखी मागवणं, त्याच्याशी वेगळ्या दिवशी बोलणं, तिच्याजवळ एक भरवशाचं माणूस बसवणं, येण्याजाण्याची वेळ वेगळी ठेवणं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर संशयित त्या खोलीत असता कामा नये, आणि पोलिसांचा तपास स्वतंत्रपणे चालूच राहतो. बैठक म्हणजे गुन्ह्यावर घरच्या घरी पडदा टाकण्याची सोय नव्हे.

‘ही तर जातपंचायतच झाली’

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाटणं स्वाभाविक आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध आपल्याला २०१६ चा वेगळा कायदा करावा लागला. पण दोन्हींची रचना पाहा. पंच शिक्षा देतात. या बैठकीला कुणालाही शिक्षा देण्याचा अधिकार नाही. पंचायतीत समाजाची अब्रू मध्यभागी असते, इथे एक मूल. पंचायतीच्या वर कुणी मानलं जात नाही, इथे न्यायालय बसलेलं आहे. आणि पंचायतीत बायका-मुलांना बोलू देत नाहीत. इथे मुलाचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. लहान मूल बोलणार नसेल तर त्याने काढलेलं चित्र किंवा त्याने सांगितलेली चार वाक्यं कुणीतरी वाचून दाखवतं. ‘मला रात्री दिवा लावून झोपायचंय आणि आजीकडचा कुत्रा आवडतो’ एवढं वाचलं गेलं, तरी भाऊबंदकी विसरून माणसं कामाला लागतात.

याने खरंच फरक पडतो का?

प्रामाणिक उत्तर: पद्धत नीट वापरली तर पडतो, नावापुरती वापरली तर नाही. स्वीडनमध्ये तीन वर्षं मागोवा घेऊन २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बैठकीमुळे मुलांचं अधिक भलं झाल्याचं दिसलं नाही. इंग्लंडमध्ये मात्र २०२३ साली मोठ्या प्रमाणावरच्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रकरण न्यायालयात जायच्या बेतात असताना ज्या कुटुंबांना अशी बैठक देऊ केली, त्यांच्यातली ५९ टक्के मुलं न्यायालयापर्यंत गेली. ज्यांना दिली नाही त्यांच्यातली ७२ टक्के. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेत आलेल्या विधेयकात ही संधी देणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक करण्याची तरतूद होती.

आणि खुद्द न्यूझीलंड? इतकी वर्षं कायदा असूनही सरकारी ताब्यातल्या मुलांत माओरींचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठं राहिलं. २०१९ साली हेस्टिंग्ज शहरातल्या रुग्णालयातून एका माओरी आईचं नवजात बाळ नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा देशभर संताप उसळला आणि २०२१ मध्ये वायतांगी न्यायाधिकरणाने, म्हणजे सरकारविरुद्ध माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाने, खात्यावर कठोर अहवाल दिला. कायद्यात बैठक असणं आणि अधिकाऱ्याने कुटुंबावर भरवसा टाकणं, या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकतं ते त्यातून दिसलं.

न्यूझीलंडमधल्या मराठी घरावर अशी वेळ आली तर

घाबरून गप्प बसू नका आणि ‘आमचं इथे कुणी नाही’ असंही सांगू नका. पुण्यातली मावशी, नाशिकचे आजोबा हेही गोतावळ्यात धरले जातात. त्यांचं म्हणणं व्हिडिओ कॉलवर किंवा लेखी घ्यायला सांगा. वेळेचा हिशेब आधीच मांडा: तिकडच्या उन्हाळ्यात ऑकलंड भारताच्या साडेसात तास पुढे असतं, म्हणजे तिथली सकाळी दहाची बैठक आपल्याकडे मध्यरात्री अडीचला येते. संध्याकाळी पाचची मागितली तर इथे सकाळचे साडेनऊ. मराठी दुभाषी मागा, इंग्रजी येत असलं तरी. मनस्तापात माणूस आपल्या भाषेतच नीट बोलतो. आणि बंद दाराआडच्या वेळेसाठी पुरेसा अवधी हवा असं आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे काय?

भारतात कुटुंब बैठक नावाची कायदेशीर पायरी नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये कुटुंबाची जबाबदारी प्रथम आणि संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय, ही तत्त्वं लिहिलेली आहेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे आणावं लागतं, त्याचा सामाजिक तपासणी अहवाल होतो आणि संगोपनाचा वैयक्तिक आराखडा तयार होतो. समिती मूल कुटुंबाकडे परत देऊ शकते, किंवा योग्य ठरलेल्या व्यक्तीकडे सोपवू शकते. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतल्या प्रायोजकत्वातून, म्हणजे संगोपनासाठीच्या मदतीतून, पात्र मुलामागे महिना ४,००० रुपये मिळू शकतात, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे.

म्हणून भाचीचं प्रकरण समितीपुढे असेल, तर एकट्या मामाने हात जोडून उभं राहण्यापेक्षा आदल्या रविवारी दोन्हीकडच्या माणसांनी बसावं. मुलगी कुणाकडे राहील, शाळेत कोण सोडेल, खर्च कोण किती उचलेल, आईला कुठे आणि कुणासमोर भेटेल, सांभाळणारा आजारी पडला तर पुढे कोण, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. तो कागद आणि सह्या करणाऱ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती सामाजिक तपासणी करायला येणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात द्याव्यात, अहवाल लिहून होण्याच्या आधी.